हायवेच्या दुसऱ्या टोकाला

आमच्या निपाणीच्या घरापासून हायवे हाकेच्या अंतरावर आहे. रात्री वीज गेली, पंखा थांबला, की ट्रकांचा आवाज थेट अंथरुणापर्यंत येतो. लहानपणी या रस्त्याच्या एका टोकाला कोल्हापूर आणि दुसऱ्या टोकाला बेळगाव, एवढाच माझा भूगोल होता. पूर्वी त्याला एनएच 4 म्हणत, आता 48 म्हणतात. हाच रस्ता हुबळी, चित्रदुर्ग, तुमकूर, बेंगळूर, वेल्लोर करत चेन्नईला जातो, आणि चेन्नईच्या थोडं अलीकडे, श्रीपेरुंबुदूरच्या पुढे इरुंगाट्टुकोट्टै नावाच्या गावात मोटारींच्या शर्यतीचा ट्रॅक आहे. म्हणजे आमच्या दारातून निघालेला माणूस रस्ता न बदलता शर्यतीच्या ट्रॅकजवळ जाऊन उभा राहू शकतो. हे मला पंचेचाळिसाव्या वर्षी कळलं, आणि कळायचं कारण काही फारसं चांगलं नव्हतं.

कारण होतं आमच्या चिरंजीवांचा मोबाईल. तो बेळगावला इंजिनिअरिंगला आहे, वय वीस. दिवाळीच्या सुटीत त्याचा फोन चार्जिंगला लावताना एक व्हिडिओ आपोआप सुरू झाला. मित्राची गाडी, स्टिअरिंगवर हात आमच्याच पोराचा, आणि काटा 138 वर. बाहेरचा उतार मी लगेच ओळखला. तवंदीचा घाट! ज्यानं आयुष्यभर निपाणी-संकेश्वर केलंय त्याला ते वळण अंधारातही कळतं.

2019 साली माझ्या वर्गातला एक मुलगा त्याच घाटात गेला. रात्रीची वेळ, मोटरसायकल, पैज. पुढे दोन महिने हजेरीपटावर त्याचं नाव तसंच होतं. ते नाव टाळून मी पुढचा नंबर पुकारायचो आणि तेवढ्यापुरता वर्ग गप्प व्हायचा. त्यामुळे त्या व्हिडिओवर मी मुलाला जे बोललो ते इथं छापण्यासारखं नाही. आमची सौ. गोकाकची. ती एरवी मुलाशी मराठीत बोलते, पण राग आला की माहेरच्या कन्नडवर येते. त्या दिवशी घरात दोन्ही भाषा एकाच वेळी चालू होत्या. पोरगा खाली मान घालून ऐकत होता. शेवटी एवढंच म्हणाला, "पप्पा, मला गाडी चालवायला आवडते. मग कुठं चालवू ते तरी सांगा."

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. 'चालवूच नकोस' हे उत्तर नव्हे, हे मास्तरकी करून एवढ्या वर्षांत कळलेलं आहे.

कोल्हापूर आपल्या शेजारी. तिथं मोहित्यांची रेसिंग ॲकॅडमी आहे, गो-कार्टचा ट्रॅक आहे. चित्तेश मंडोडी, ध्रुव मोहिते ही कोल्हापूरची पोरं देशातल्या शर्यतींत उतरली. कृष्णराज महाडिक तर ब्रिटनमधल्या फॉर्म्युला थ्रीपर्यंत पोचला. तांबड्या-पांढऱ्या रश्श्याच्या आणि कुस्तीच्या गावात हे वेड कुठून आलं, असं लोक विचारतात. मला त्यात नवल वाटत नाही. ज्या गावाच्या उद्यमनगरात डोळे मिटून इंजिन उघडणारी माणसं आहेत तिथं ते येणारच. मुलगा तिथं एकदा कार्ट चालवून आला होता. त्यानंच मला 'ट्रॅक डे' हा प्रकार समजावून सांगितला. ही शर्यत नव्हे. नंबर नाही, कप नाही. फी भरायची, आपली गाडी न्यायची, हेल्मेट घालायचं आणि वीसेक मिनिटांच्या पाळीनं बंद ट्रॅकवर चालवायची. समोरून कोणी येत नाही, रस्त्यात कुत्रं नाही, ऊस भरलेला ट्रॅक्टर नाही. चुकलात तर बाजूला मोकळी माती.

मी अर्थशास्त्राचा माणूस. दोघांच्या फीचा, पेट्रोलचा, मुक्कामाचा हिशेब मांडला तेव्हा तो त्याच्या कॉलेजच्या एका सेमिस्टरच्या फीएवढा झाला. सौ.नं तो कागद वाचला, घडी घालून फ्रिजवर ठेवला आणि म्हणाली, "दवाखान्यापेक्षा स्वस्त आहे." अट एकच ठरली. हायवेवर यापुढे ऐंशीच्या वर काटा नाही. मी त्याला ट्रॅकवर नेणार, तो मला शब्द देणार.

आता गाडी. स्पोर्ट्स कार म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर एकच गाडी येते, सॅन स्टॉर्म. 1998 च्या सुमारास आपल्या शेजारच्या गोव्यात ती तयार होऊ लागली. दोनच माणसांची, उघड्या टपाची, फायबरच्या अंगाची, आत रेनोचं इंजिन. विद्यार्थी असताना पणजीला मांडवीच्या काठी मी ती एकदा पाहिली आणि कदंबाची बस चुकवली. ती गाडी फार चालली नाही, कंपनीही मागे पडली. आमच्या नशिबात आली ती सासऱ्यांची मारुती एस्टीम!

सासरे सरकारी बसचे निवृत्त ड्रायव्हर. तीस वर्षं घटप्रभेच्या काठानं बस चालवली, एकही अपघात नाही. निवृत्तीनंतर त्यांनी ही एस्टीम जुन्या बाजारातून घेतली आणि अंगणात चिंचेखाली ठेवून तिची लेकीसारखी काळजी घेतली. गाडी कशाला हवी हे सांगायला मी भीत भीत गेलो. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग किल्ली नातवाच्या हातात दिली आणि म्हणाले, "ब्रेक इद्द्र गाडी, इल्लांद्र कब्बिण." ब्रेक असेल तर गाडी, नाहीतर लोखंड. आमच्या सासरी सुविचार फळ्यावर लिहीत नाहीत, असे बोलून जातात.

एस्टीमला हसू नका, वाचकहो. 1994 साली आलेली ही गाडी चेन्नईच्या ट्रॅकवर कित्येक वर्षं शर्यतीत धावली आहे. 1300 सीसीचं इंजिन, नंतरच्या मॉडेलांत 85 हॉर्सपॉवर, आणि वजन नऊशे किलोच्या आत. हलकी गाडी लवकर पळते, लवकर वळते आणि लवकर थांबते. सुटे भागही अजून मिळतात.

बेळगावच्या उद्यमबागेत एका मिस्त्रींकडे आम्ही ती नेली. या भागात फाउंड्रीचा आणि लेथचा आवाज एकमेकांत मिसळलेला असतो. मिस्त्री घरी कन्नड, गिऱ्हाइकाशी मराठी आणि गाडीशी दोन्ही भाषांत बोलतात. आमच्या चिरंजीवांना इंजिनाची ताकद वाढवायची होती. त्यानं एअर फिल्टर आणि सायलेन्सरची यादी आणलेली. मिस्त्रींनी यादी वाचली, कानावर पेन्सिल ठेवली आणि म्हणाले, "इंजिन ऱ्हाऊ दे, खरं थांबणार कसं ते बघा आधी." (आपल्याकडे 'पण'च्या जागी 'खरं' येतं, हे पुण्याच्या पाहुण्यांना समजावण्यात माझी हयात गेली.)

तीन रविवार गेले. रेडिएटर काढून साफ केला, जुने होज बदलले, टायमिंग बेल्ट बदलला. बेल्ट तुटला तर ट्रॅक काय, बाजारापर्यंतही पोचायचं नाही. टायर दिसायला बरे होते, पण मुलानं बाजूला कोरलेले चार आकडे दाखवले. पहिले दोन म्हणजे आठवडा, नंतरचे दोन म्हणजे साल. आमचे टायर दहा वर्षांचे निघाले! नक्षी शाबूत असली तरी रबर वाळून कडक होतं आणि रस्ता धरत नाही. नवे टायर घेतले. शॉकअप बदलले. पुढच्या डिस्कचे पॅड आणि मागच्या ड्रमचे लायनर नवे घातले. बॅटरीची पट्टी आवळली. डिकीतली स्टेपनी, जॅक, टॉमी, पायाखालचे मॅट हे सगळं ट्रॅकवर उतरताना काढायचं, कारण ब्रेक मारला की सुटी वस्तू बंदुकीच्या गोळीसारखी पुढे येते. या नियमात डॅशबोर्डवरचा सासऱ्यांचा बसवण्णाही आला. तो निघता निघत नव्हता. सौ.नं तेल लावून हळूहळू काढला आणि आपल्या पर्समध्ये ठेवला.

मुलानं एक वही केली होती. प्रत्येक कामापुढे चौकोन, काम झालं की बरोबरची खूण. शेवटून दुसरं काम होतं, ब्रेक ऑइल बदलणे.

इथं मला थोडं सविस्तर सांगायला हवं. ब्रेकचं पेडल आणि चाक यांच्यामध्ये नळीभर तेल असतं. पाय दाबला की ते तेल दाब पुढे नेतं. तेल दबत नाही, म्हणूनच गाडी थांबते. पण हे तेल हवेतली ओल पीत राहतं. बाटलीवर डॉट 3 किंवा डॉट 4 असं लिहिलेलं असतं. नवं डॉट 4 किमान 230 अंशांपर्यंत उकळत नाही, पण पाणी मुरलं की ती मर्यादा 155 पर्यंत उतरते. डॉट 3 चं हेच 205 वरून 140 वर येतं. गावात चालवताना एवढी उष्णता होतच नाही, त्यामुळे जुनं तेल वर्षानुवर्षं खपून जातं. ट्रॅकवर हजार किलोचं धूड ताशी 130 वरून 60 वर आणायचं, तेही दर फेरीला पुन्हा पुन्हा. मुलानं हिशेब करून सांगितलं होतं, एकदा तसा ब्रेक मारला की जी उष्णता निघते तिच्यात दीड लिटर पाण्याला उकळी येईल. तेल उकळलं की नळीत वाफेचे बुडबुडे होतात. वाफ मात्र दबते. मग पाय खाली जातो आणि चाकापर्यंत काहीच पोचत नाही.

हे सगळं मला माहीत होतं. निघण्याच्या आधीच्या रविवारी मिस्त्री यल्लम्माच्या जत्रेला सौंदत्तीला गेले होते. मुलाची परीक्षा होती. दुसरा माणूस बोलवायचा तर त्याची मजुरी, शिवाय मला पेपर तपासायचे होते. मी बॉनेट उघडलं, टाकीतली पातळी थोडी कमी होती, तेवढं वरून तेल ओतलं आणि झाकण लावलं. संध्याकाळी मुलानं फोनवर विचारलं, "ब्रेक ऑइल झालं, पप्पा?" मी म्हणालो, "झालं." त्यानं खूण केली. तसं म्हटलं तर तेल घातलं होतंच की! माणूस आपल्याशी किती बारीक वकिली करतो.

जानेवारीत आम्ही दोघं निघालो. बेंगळुरात मेहुणीकडे मुक्काम केला आणि दुसऱ्या दिवशी पुढे. काटा ऐंशीच्या वर गेला नाही. मागून येणाऱ्या बसवाल्यांनी आम्हाला काय काय म्हटलं असेल ते देव जाणे.

हा ट्रॅक मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबनं बांधला, 1990 साली सुरू झाला. त्याआधी चेन्नईच्या शर्यती शोलावरमच्या जुन्या विमानाच्या धावपट्टीवर होत. लांबी 3.7 किलोमीटरच्या आसपास, बारा वळणं. कोइमतूरच्या करिवर्धन यांनी मारुती 800 चं इंजिन वापरून फॉर्म्युला मारुती नावाची स्वस्त शर्यतीची गाडी तयार केली आणि सामान्य घरातल्या मुलांनाही इथं उतरता आलं. ते 1995 साली विमान अपघातात गेले. कोइमतूरचा ट्रॅक त्यांच्याच नावानं आहे. मला हा माणूस आपल्या उद्यमबागेतला वाटतो.

सकाळी सातला गाड्यांची तपासणी झाली. शेजारी एक पोर्श उभी, पलीकडे पोलो, होंडा सिटी, आणि मध्ये आमची गोकाकची एस्टीम. पण तिला कोणी हसलं नाही. दोघं-तिघं तर मुद्दाम बघायला आले, 'आमच्या घरी होती' म्हणून. तपासनिसांनी चाकांचे नट, बॅटरी, पट्टे, गळती, ब्रेक ऑइलची पातळी पाहिली. पातळी बरोबर होती. तेल किती वर्षांचं आहे हे वरून कोणाला कळणार? मग झेंडे समजावले. पिवळा म्हणजे पुढे धोका, ओव्हरटेक नाही. निळा म्हणजे मागून वेगवान गाडी येतेय, वाट द्या. लाल म्हणजे सगळं थांबवा. एका कागदावर सही करून घेतली, सगळी जबाबदारी आपली. आपल्या विम्याच्या पॉलिसीत बारीक अक्षरात लिहिलेलंच असतं की शर्यत आणि वेगाची चाचणी यात बसत नाही. कधी काढून वाचा.

पहिली पाळी माझी. शेजारी शिकवणारा बसला होता, माझ्या विद्यार्थ्यांच्या वयाचा. पंचवीस वर्षं गाडी चालवणाऱ्या मला पहिल्या दहा मिनिटांत कळलं की मला गाडी चालवता येत नाही. मी बॉनेटच्या पुढे दहा हातांवर बघत होतो. तो म्हणाला, वळणाच्या पलीकडे बघा, हात आपोआप तिकडे जातात. ब्रेक गाडी सरळ असतानाच मारायचा, वळायच्या आधी. वळणात शिरून घाबरून दाबलात तर पुढची चाकं चिखलातल्या बैलासारखी सरळच ओढतात. बाहेरून आत यायचं, आतली कड शिवायची आणि पुन्हा बाहेर सुटायचं. जो वळणात हळू शिरतो तो सरळ पट्ट्यावर लवकर पोचतो. एकदा ते जमलं आणि गाडी अशी काही वळली की मी हेल्मेटच्या आत मोठ्यानं हसलो. किती वर्षांनी!

दुसऱ्या पाळीत मी एकटा होतो. चौथ्या फेरीला पेडल किंचित खोल गेल्यासारखं वाटलं. पाचव्या फेरीला आणखी. थांबायला हवं होतं. पण पोरगा कठड्याला उभा राहून बघत होता, आणि मला त्याला एक चांगली फेरी दाखवायची होती. लांब पट्ट्याच्या शेवटी ब्रेकवर पाय ठेवला आणि पाय तळाला टेकला. काहीच नाही. उशीवर पाय ठेवावा तसं. पुन्हा दाबलं, पुन्हा. गियर चौथ्यावरून तिसऱ्यावर, दुसऱ्यावर ओढला, इंजिन किंचाळलं. वळण घ्यायचा प्रश्नच नव्हता. स्टिअरिंग सरळ धरलं आणि गाडी मातीत गेली. समोर फक्त लाल धूळ. त्या धुळीत मला तो हजेरीपट दिसला, त्यातलं ते एक नाव. गाडी कधी थांबली ते कळलं नाही. मला खरचटलंही नव्हतं. समोरचा बंपर एका बाजूनं लोंबत होता, एवढंच.

गाडी ओढून आणली. मुलगा धावत आला, आधी मला हात लावून बघितलं, मग बॉनेट उघडलं. टाकीच्या झाकणाखाली तेल चहासारखं काळपट. त्यानं वही काढली, खूण बघितली.

"पप्पा, ब्रेक ऑइल बदललं होतं ना?"

त्या क्षणी माझ्या तोंडात काय काय तयार होतं ते मी लिहिणार आहे, कारण ते लिहिल्याशिवाय या लेखाला अर्थ नाही. 'बाटली डुप्लिकेट असेल' हे एक. आणि दुसरं, त्याहून सोपं, 'मिस्त्रीनं बदललं होतं.' मिस्त्री आठशे किलोमीटरवर. त्यांना कोण विचारणार होतं? मुलानंही विश्वास ठेवला असता.

मी म्हणालो, "नाही बदललं. वरून ओतलं होतं."

तो काही बोलला नाही. शेडच्या टोकापर्यंत चालत गेला, तिथं पाठमोरा उभा राहिला. दुपारची पाळी त्याची होती. तीच गाडी, तेच ब्रेक. परत आला तेव्हा त्याचे डोळे लाल होते. म्हणाला, "तवंदीच्या व्हिडिओवर मला काय काय बोलला होता, आठवतंय?"

आठवत होतं. शब्दन् शब्द.

शेजारच्या पोलोवाल्या कोइमतूरच्या गृहस्थांनी आपणहून डॉट 4 च्या दोन बाटल्या आणून दिल्या, पैसे घेईनात. गाडी तासभर निवू दिली. मग मुलगा चाकाखाली आडवा झाला आणि मी पेडलवर बसलो. सगळ्यात लांबचं चाक आधी, म्हणजे मागचं डावं. निपलला पारदर्शक नळी, नळीचं टोक पाण्याच्या रिकाम्या बाटलीत. खालून त्याचा आवाज येत होता, "दाबा… धरा… सोडा. दाबा… धरा… सोडा." आधी काळं तेल आलं, मग बुडबुडे, मग पिवळसर स्वच्छ. चार चाकं, दीड तास. त्या दीड तासात तो माझ्याशी या तीन शब्दांशिवाय काही बोलला नाही आणि मी एकही शब्द बोललो नाही. वर्गात मुलं मला इतकी शांत कधी मिळत नाहीत.

तपासनिसांनी पुन्हा बघितलं, बंपर दोरीनं बांधलेला चालेल म्हणाले. तीन वाजता तो ट्रॅकवर उतरला. पहिल्या दोन फेऱ्या त्यानं अगदी सावकाश घातल्या, प्रत्येक वळणाच्या कितीतरी आधी ब्रेक दाबून बघत होता. नंतर हळूहळू वेग वाढवला. मी कठड्याला उभा होतो. गाडी नजरेआड गेली की मी आवाजावरून मोजायचो: आता गियर खाली, आता वर. पोर्शला त्यानं हात दाखवून वाट दिली. शेवटचा झेंडा पडल्यावर आत येऊन त्यानं हेल्मेट काढलं, आणि केस घामानं कपाळाला चिकटलेले असताना तो जसा हसला तसा दहावीच्या निकालालाही हसला नव्हता.

परतीला बेळगावच्या पुढे आधी गोकाक गाठलं. बंपरचं सासऱ्यांना फोनवरच सांगितलं होतं. त्यांनी बंपरकडे बघितलंही नाही. ते ड्रायव्हरच्या सीटवर बसले, चप्पल काढून अनवाणी पायानं पेडल तीनदा दाबलं. दगडासारखं घट्ट. नातवाकडे, मग माझ्याकडे बघत विचारलं, "यार माड्यार?"

"अंवा माड्यानरी, मावा," मी म्हणालो. त्यानं केलंय.

"मत्त मोदल?" आणि आधी?

मी तिथंच अंगणात, चिंचेखाली उभा राहून सगळं सांगितलं, माझ्या मोडक्या कन्नडमध्ये. ओतलेलं तेल, खोटी खूण, सगळं. अडलेले शब्द मुलगा पुरवत होता. सासऱ्यांनी ऐकून घेतलं, सौ.कडे हात पुढे केला, तिनं पर्समधून बसवण्णा काढून दिला. तो त्यांनी डॅशबोर्डवर जुन्या जागी दाबून बसवला आणि किल्ली पुन्हा नातवाच्या हातात दिली. घरी येताना गाडी त्यानंच चालवली. मी मागे बसलो होतो.

तवंदीच्या घाटात काटा पन्नासवर होता. टाकीच्या झाकणावर आता पांढऱ्या रंगानं तारीख लिहिलेली आहे, त्याच्या अक्षरात.